हेन्री मॉडस्ले: टूल हातातून काढून यंत्रात बसवणारा कारागीर

मोबाईल रिपेअरच्या दुकानात फोन उघडला की बारीक बारीक स्क्रू निघतात. एखादा हरवला तर दुकानदार डबीतून त्याच मापाचा दुसरा काढतो आणि बसवून टाकतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. प्रत्येक बोल्टचे आटे वेगळे आणि त्याचा नटही ठरलेला. जोड्या मिसळल्या की बसायची पंचाईत! हे चित्र बदलण्यात हेन्री मॉडस्लेचा वाटा फार मोठा आहे.

त्याचा जन्म १७७१ सालचा, लंडनजवळच्या वुलिचमधला. १२ वर्षांचा असताना तो तिथल्या सरकारी शस्त्रागारात काडतुसं भरायला लागला. पुढे त्याला सुतारकामाला लावलं, पण पोराचं मन लोखंडात. म्हणून १५व्या वर्षी तो लोहारकामाकडे वळला. हात इतका सफाईदार होता की १८व्या वर्षी लंडनचे प्रसिद्ध कुलूप बनवणारे जोसेफ ब्रामा यांनी त्याला कामावर घेतलं.

ब्रामांचं कुलूप भारी होतं, पण त्याचे बारीक भाग हाताने करायचे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही जाणार. मॉडस्लेने ते भाग बनवणारी यंत्रंच तयार केली. तो मुख्य कारागीर झाला. पगार आठवड्याला ३० शिलिंग. संसार वाढला तशी त्याने पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली. १७९७ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ स्वतःचं छोटं वर्कशॉप थाटलं.

आता मुद्द्याचं. तेव्हा लेथवर काम करताना कारागीर बहुतेक वेळा टूल हातात धरायचा. मनगट हललं की माप गेलं. मॉडस्लेने टूल एका भक्कम सरकत्या बैठकीत आवळलं. १८०० च्या सुमारास त्याने ही बैठक, लांब लीड स्क्रू आणि बदलता येणारे गिअर एकाच लेथमध्ये आणले. गिअर बदला, हवे तसे आटे पाडा! या कल्पना आधीही कुणाकुणाला सुचल्या होत्या. पण सगळं धातूचं, मजबूत आणि रोजच्या कामाला येईल इतकं अचूक यंत्र त्याने करून दाखवलं.

पुढे मार्क ब्रुनेल यांच्या आराखड्यांवरून त्याने पोर्ट्समथच्या गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या बनवणारी यंत्रं घडवली. ११० कारागिरांचं काम १० साधे कामगार करू लागले. नौदलाचा खर्च वाचला, पण त्या कारागिरांच्या हातातल्या कौशल्याची किंमतही उतरली. ऑटोमेशनचा हा वाद आजचा नाही!

घरी छोटा लेथ घेऊन इंजिनांची मॉडेल्स बनवणाऱ्यांनी मॉडस्लेकडून काय घ्यावं? महागडं टूल हवंच असं नाही. हायस्पीड स्टीलचा साधा तुकडा स्वस्त मिळतो आणि ग्राइंडरवर स्वतः धार लावता येते. मात्र तो होल्डरमधून कमीत कमी बाहेर ठेवा, घट्ट आवळा आणि टोक लेथच्या सेंटरच्या उंचीला आणा. टूल थरथरलं की काम खरबरीत झालंच म्हणून समजा. ग्राइंडरवर गॉगल विसरू नका.

आणि मोजायचा कंटाळा करू नका. मॉडस्लेकडे इंचाचा दहाहजारावा भाग दाखवणारा मायक्रोमीटर होता. मापावरून वाद झाला की निकाल तोच देणार, म्हणून त्याचं नाव पडलं लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तेव्हाचा इंग्लंडचा सर्वोच्च न्यायाधीश!

१४ फेब्रुवारी १८३१ रोजी मॉडस्ले वारला. त्याच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं एकच ठरलेलं प्रमाण सुचवलं आणि ब्रिटनमध्ये ते रुजलं. आज दुकानदाराच्या डबीत त्याच मापाचा स्क्रू सापडतो, त्याची सुरुवात तिथली.