पीटर स्कॉट

सर पीटर मार्कहॅम स्कॉट (१४ सप्टेंबर, इ.स. १९०९, लंडन - २९ ऑगस्ट, इ.स. १९८९, ब्रिस्टल) हे ब्रिटिश पक्षितज्ज्ञ, चित्रकार व निसर्गसंवर्धक होते. इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे त्यांनी पाणपक्ष्यांच्या संवर्धनासाठी संस्था स्थापन केली. जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांपैकी ते एक होत. देशी पक्ष्याच्या रक्षणासाठी परदेशातून आणलेल्या पक्ष्याचा संहार करावा काय, या युरोपात गाजलेल्या वादाचा उगमही स्लिमब्रिजच्याच तळ्यांत आहे.

पूर्वायुष्य

दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत मृत्यू पावलेले कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट हे पीटर यांचे वडील, तर शिल्पकार कॅथलीन ब्रूस या आई. वडील वारले तेव्हा पीटर अवघे दोन वर्षांचे होते. मुलाला निसर्गाची गोडी लावावी, अशी इच्छा वडिलांनी पत्नीला लिहिलेल्या अखेरच्या पत्रात व्यक्त केली होती. केंब्रिज येथे पीटर यांनी आधी निसर्गविज्ञान घेतले, परंतु पदवी कलेच्या इतिहासात मिळवली. पुढे म्युनिक व लंडन येथे चित्रकलेचे शिक्षण घेऊन उडत्या हंस-बदकांचे चित्रकार म्हणून ते नावारूपाला आले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत त्यांना कांस्यपदक मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात सेवा बजावली.

तरुणपणी स्कॉट हे बंदूक घेऊन दलदलीत रात्री काढणारे हौशी शिकारी होते. ज्या पक्ष्यांची चित्रे काढावयाची त्यांनाच टिपावयाचे, ही विसंगती त्यांना हळूहळू असह्य झाली आणि त्यांनी बंदूक कायमची खाली ठेवली. त्यांच्या आयुष्याच्या उत्तरकथेत बंदूक पुन्हा येते, म्हणून ही गोष्ट येथे नोंदवणे अगत्याचे आहे.

स्लिमब्रिज आणि नेने

१९४६ साली सेव्हर्न नदीच्या मुखाजवळ स्कॉट यांनी सेव्हर्न वाइल्डफाउल ट्रस्टची स्थापना केली. जगभरातील हंस, बदके तेथे आणून जोपासण्यात आली. संस्थेचे सर्वांत गाजलेले कार्य म्हणजे हवाई बेटांवरील नेने या हंसाचे पुनरुज्जीवन. (मराठी वाचकास हे आडनाव वाटेल, परंतु पक्ष्याच्या आवाजावरून पडलेले हे हवाई भाषेतील नाव आहे.) शिकारीमुळे आणि बाहेरून आणलेल्या प्राण्यांमुळे १९५० च्या सुमारास जगात जेमतेम तीसेक नेने उरले होते. या प्राण्यांत मुंगूसही होते. उसाच्या मळ्यांतील उंदरांच्या बंदोबस्तासाठी हवाईत सोडलेल्या मुंगसांचे मूळ भारतातील होते.

१९५० मध्ये स्लिमब्रिजला नेनेची जोडी म्हणून दोन पक्षी आले, पण दोघांनीही अंडी घातली. दोन्ही माद्याच निघाल्या. मग नर मागवण्यात आला आणि वंश वाढला. १९६२ पासून स्लिमब्रिजमध्ये वाढलेले नेने हवाईतील माउई बेटावर सोडण्यात येऊ लागले.

रडी बदकाचा वाद

१९४८ मध्ये याच तळ्यांवर उत्तर अमेरिकेतून मोजकी रडी बदके आणली गेली होती. तांबूस अंगाचे, निळ्या चोचीचे आणि ताठ शेपटीचे हे लहानसे बदक. पाळीव पाणपक्षी उडून जाऊ नयेत म्हणून पिले लहान असतानाच त्यांच्या एका पंखाचे टोक छाटण्याची पद्धत आहे. रडीची पिले मात्र पाण्यात बुडी मारून निसटत. जी हाती लागली नाहीत, ती पंख फुटताच उडून गेली. १९६० पासून ही बदके इंग्लंडमध्ये मुक्तपणे वीण करू लागली. तेव्हा कोणाला त्यात धोका दिसला नाही. उलट एका देखण्या पक्ष्याची भर पडली, असेच अनेकांना वाटले. २००० सालापर्यंत त्यांची संख्या सुमारे ६,००० झाली.

धोका दिसला तो स्पेनमध्ये. तेथील पांढऱ्या डोक्याचे बदक हे रडीचे जवळचे नातलग. पाणथळी बुजवल्यामुळे आणि शिकारीमुळे १९७७ मध्ये स्पेनमध्ये त्याचे केवळ २२ पक्षी उरले होते. संरक्षणानंतर ही संख्या वाढत असतानाच रडी बदके तेथे पोहोचली आणि १९९१ मध्ये दोहोंची संकरित प्रजा आढळली. ही संकरित प्रजा वंध्य नसते, त्यामुळे संकर पिढ्यानुपिढ्या पसरत जाऊन मूळ जातच विरून जाण्याची भीती निर्माण झाली.

ब्रिटनमधील रडी बदके संपवावीत, असे संवर्धनवाद्यांचे मत पडले. यात खुद्द स्कॉट यांची संस्थाही होती. प्राणिहक्कवाद्यांनी कडाडून विरोध केला. माणसाने आणलेल्या पक्ष्याला माणसाच्या चुकीची शिक्षा का, आणि पाणथळी बुजवणारे मोकळे असताना वंशशुद्धीसाठी हजारो जीव का घ्यावेत, असे त्यांचे प्रश्न होते. पहिला प्रश्न नैतिक दृष्ट्या निरुत्तर करणारा आहे, हे मान्य करावे लागते. मात्र पांढऱ्या डोक्याच्या बदकापुढील संकट त्याने टळत नव्हते. रडी बदके अमेरिकेतून आपणहून उडत आली असावीत, हा युक्तिवादही जनुकीय अभ्यासापुढे टिकला नाही. युरोपातील पक्षी मोजक्या पाळीव पक्ष्यांचेच वंशज असल्याचे त्यातून दिसले. अंडी निकामी करण्यासारखे सौम्य उपाय अपुरे ठरले.

२००५ मध्ये सरकारी मोहीम सुरू झाली. सुमारे ७,००० बदके मारली गेली, बहुतेक बंदुकीने. हा वाद पेटण्यापूर्वीच स्कॉट यांचे निधन झाले होते. त्यांनी कोणती बाजू घेतली असती, याचा तर्क करण्यात अर्थ नाही.

अन्य कार्य

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीचे पांडाचे बोधचिन्ह स्कॉट यांनी रेखाटले. चोचीवरील काळ्या-पिवळ्या नक्षीवरून प्रत्येक बेविक राजहंस वेगळा ओळखण्याची पद्धत त्यांनी १९६४ पासून रूढ केली. बीबीसीवरील निसर्गविषयक कार्यक्रमांमुळे ते घरोघरी पोहोचले. १९७३ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.