प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज : दृष्टी गेल्यावर आधार कसा उभा राहतो?

गेलेली नजर परत येणार नाही, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की सगळे घर गप्प होते. निरगुडसर परिसरातले असे रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या हातात कागदांची पिशवी असते आणि मनात एकच प्रश्न असतो, आता पुढे काय?

काही वर्षांपूर्वी काचबिंदूने नजर गेलेल्या एका आजोबांना मी आता काही करता येणार नाही, असे सांगून घरी पाठवले. ती माझी चूक होती. गेलेली नजर औषधाने परत येणार नव्हती हे खरे, पण बाकी करण्यासारखे पुष्कळ होते. मला ते समजेपर्यंत आजोबा दोन वर्षे ओट्यावर नुसते बसून होते. म्हणून आज तुम्हाला गुलाबराव महाराजांचे आयुष्य सांगतो. त्यांना तुम्ही संत म्हणून ओळखत असाल. इथे आपण त्यांच्याकडे लहानपणीच दृष्टी गेलेला माणूस म्हणून पाहू.

बाळाचे डोळे गेले

गुलाबराव गोंदुजी मोहोड यांचा जन्म 6 जुलै 1881 रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे झाला. त्यांचे मूळ गाव माधान. वयाचे पहिले वर्ष पुरे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. डोळ्यांच्या आजारावर चुकीचे औषध पडल्याने असे झाले, असे सांगितले जाते.

इथे एक सूचना. तान्ह्या बाळाचे डोळे लाल झाले, चिकटू लागले किंवा बुबुळ पांढरट दिसले, तर घरगुती अर्क, दूध, मध यातले काहीही डोळ्यात घालू नका. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंबही आणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नवव्या महिन्यातील गोवर-रुबेला लसीसोबत मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नका.

ब्रेल नाही, शाळा नाही

गुलाबराव साधारण चार वर्षांचे असताना आई गेली आणि आजोळी आजीने त्यांना सांभाळले. त्या काळी वऱ्हाडातल्या खेड्यात दृष्टिहीन मुलाने शिकावे कसे, याला उत्तरच नव्हते. मुंबईत व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा 1902 साली सुरू झाली, तेव्हा गुलाबराव 21 वर्षांचे होते. भारतीय भाषांसाठीची समान भारती ब्रेल तर 1951 साली ठरली.

तरीही ते शिकले. ज्याला वाचता येते त्याला ते पुस्तक वाचायला लावत आणि स्वतः ऐकत. ऐकलेले त्यांच्या स्मरणात राही. पुढे ते प्रवासाला निघाले की ग्रंथांच्या पेट्या बरोबर असत. डोळ्यांनी न दिसणारा माणूस पुस्तके का वाहून नेतो, असे एखाद्याला वाटेल. पण पोहोचू त्या गावात वाचून दाखवणारा कोणीतरी भेटेल, हा त्यांचा भरवसा होता.

1896 साली त्यांचे लग्न झाले. संत ज्ञानेश्वरांना ते पिता मानत आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. आपल्या जिल्ह्यातली आळंदी हे त्यांचे श्रद्धास्थान होते. वेदान्त आणि भक्ती यांबरोबरच डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. ते सांगत आणि दुसरे लिहून घेत. अशा रीतीने शंभराहून अधिक ग्रंथ झाले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. प्रज्ञा हेच ज्याचे डोळे, तो प्रज्ञाचक्षू. 20 सप्टेंबर 1915 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे 34 वर्षांचे होते.

त्यांची बुद्धी असामान्य होती, यात शंका नाही. पण वाचणारे आणि लिहून घेणारे हात मिळाले नसते, तर ती बुद्धी ग्रंथांत उतरली नसती. तुमच्या घरातल्या माणसालाही असेच हात हवे आहेत. आज ते मिळवण्याच्या वाटा अधिक आहेत.

आज तुम्ही काय कराल?

1. उरलेली नजर मोजून घ्या. नारायणगावचे मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आपल्याला जवळ आहे. पुण्यात महंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. थोडी जरी नजर असली, तरी खास भिंगे आणि चांगला उजेड यांचा उपयोग होतो का, हे विचारा. काचबिंदूचे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. जी नजर शिल्लक आहे, ती त्यांच्यामुळेच टिकते.

2. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असेल तर बऱ्याच योजना लागू होतात. एसटीच्या तिकिटातही सवलत मिळते.

3. घोडेगावच्या तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा. वय 65 च्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजनेबद्दल विचारा. दोन्हींना उत्पन्नाची अट आहे.

4. मूल असेल तर शाळा सोडवू नका. पुण्यात कोरेगाव पार्कला मुलांची आणि कोथरूडला मुलींची अंधशाळा आहे. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. शाळेला वेळेत लेखी अर्ज द्या.

5. मोबाइलमध्ये टॉकबॅक सुरू करा. पडद्यावर जे असेल ते फोन बोलून दाखवतो. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात दृष्टिहीनांना वापरता येतील अशी पुस्तके आहेत. पांढरी काठी घेऊन चालण्याच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय अंधजन संघटनेकडे, म्हणजे नॅबकडे चौकशी करा.

6. झोप उडाली, जेवण तुटले, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे सुरू झाले, तर ते वयामुळे आहे म्हणून सोडून देऊ नका. दृष्टी गेल्यावर नैराश्य येऊ शकते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना लगेच सांगा.

त्या आजोबांचे काय झाले, ते सांगतो. त्यांचे कार्ड निघाले, पण त्याला वेळ लागला. त्याआधी त्यांच्या नातीने रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात ते फक्त ऐकत. नंतर कांद्याचा बाजारभाव आधी वाच, असे सांगू लागले. पुढच्या महिन्यात ते नातीचा खांदा धरून स्वतः दवाखान्यात आले आणि कोणता अर्ज राहिला आहे, ते त्यांनीच मला विचारले.

कागदपत्रांची धावपळ उद्यापासून सुरू करा. वाचून दाखवायला मात्र आज संध्याकाळीच बसा, आणि काय वाचायचे ते त्यांनाच ठरवू द्या.