समाजवाद्यांना संपवायला निघालेल्या बिस्मार्कच्या काळात जगातला पहिला आरोग्य विमा कायदा आला

पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीची कपात बघितलीच असेल. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. दोघांनी मिळून आजारपणाची तजवीज करायची, ही सक्ती अख्ख्या देशासाठी कायद्याने पहिल्यांदा आणली जर्मनीने, १८८३ साली. तेव्हा तिथे चान्सेलर होता ऑटो फॉन बिस्मार्क. शाळेच्या पुस्तकात जर्मनीच्या एकीकरणाच्या धड्यात भेटतो, तोच.

१ एप्रिल १८१५ ला जमीनदाराच्या घरात जन्मलेला हा गडी. तीन युद्धं जिंकून १८७१ मध्ये त्याने जर्मन साम्राज्य उभं केलं. गरिबांचा कैवारी वगैरे तो अजिबात नव्हता. पण कारखाने वाढले, तसा कामगारांमध्ये समाजवादी पक्षही वाढायला लागला. १८७८ मध्ये सम्राटावर दोनदा गोळ्या झाडल्या गेल्या. ते निमित्त साधून बिस्मार्कने समाजवाद्यांच्या सभा, संघटना आणि वर्तमानपत्रांवर बंदी आणली.

नुसत्या दंडुक्याने भागणार नाही, हे त्याला कळत होतं. कामगाराला सरकारकडून काहीतरी मिळालं, तर तो सरकारला धरून राहील, असा त्याचा साधा हिशोब होता.

त्याचं खरं लक्ष अपघात विम्यावर होतं. तेव्हा कारखान्यात हात तुटला, तर चूक मालकाची होती हे कामगारालाच सिद्ध करावं लागायचं. मालक खासगी कंपनीचा विमा काढून मोकळे व्हायचे. कामगाराच्या जखमेवर कंपन्यांनी नफा कमवावा, हे बिस्मार्कला पटत नव्हतं. म्हणून १८८१ मध्ये त्याने सरकारी विमा संस्था आणि सरकारी अनुदान, असं विधेयक आणलं. संसदेतल्या उदारमतवाद्यांना यात सरकारची दादागिरी दिसली. त्यांनी अनुदानच उडवलं आणि विधेयक बारगळलं.

आरोग्य विमा मात्र पार पडला, कारण तिथे मधला रस्ता निघाला. मसुद्यामागे थिओडोर लोमान नावाचा अधिकारी होता. खाणकामगारांचे, कारागिरांचे, कारखान्यांचे आजारपणाचे फंड जर्मनीत आधीपासून होतेच. ते मोडायचे नाहीत, त्यांनाच कायद्यात बसवायचं, असं ठरलं. ज्यांना कुठलाच फंड नाही त्यांच्यासाठी स्थानिक फंड काढायचे.

म्हणजे विमा सक्तीचा, पण तो चालवणार ना सरकार, ना नफ्यासाठी बसलेली कंपनी. आपल्याकडची पतपेढी कशी सभासदांची असते, तसंच काहीसं. वर्गणीचा दोन तृतीयांश वाटा कामगाराचा, एक तृतीयांश मालकाचा. बदल्यात डॉक्टर, औषधं आणि १३ आठवड्यांपर्यंत निम्मी मजुरी. हातावर पोट असलेल्या घरात ही निम्मी मजुरीच सगळ्यात मोठी गोष्ट होती.

गंमत म्हणजे त्याच सुमारास बिस्मार्क स्वतः आजारी होता. प्रचंड खाणं, सुटलेलं शरीर, झोप नाही. श्वेनिंगर नावाच्या डॉक्टरने त्याला कडक पथ्यावर ठेवून रुळावर आणलं.

१८८४ मध्ये अपघात विमा आला, तोही तडजोड करूनच. कंपन्या बाहेर गेल्या, पण कारभार सरकारऐवजी मालकांच्या संघांकडे गेला. १८८९ मध्ये म्हातारपणाची पेन्शन आली.

पण बिस्मार्कचा मूळ डाव फसला. वर्गणीत कामगारांचा वाटा दोन तृतीयांश, म्हणून फंडाच्या कारभारातही त्यांच्या जागा तेवढ्याच. ज्या समाजवाद्यांनी या कायद्याला विरोध केला होता, तेच पुढे अनेक स्थानिक फंडांत निवडून येऊन बसले. १८९० च्या निवडणुकीत सगळ्यात जास्त मतं त्यांच्याच पक्षाला पडली. त्याच वर्षी मार्चमध्ये नव्या सम्राटाने बिस्मार्कला घरी बसवलं आणि काही महिन्यांत समाजवाद्यांवरची बंदीही संपली. १८९८ मध्ये बिस्मार्क गेला.

फंड मात्र टिकले. मालक आणि कामगार निम्मं-निम्मं भरतात, हा बदल दुसऱ्या महायुद्धानंतरचा. आजही दर १० जर्मन माणसांमागे जवळपास ९ जण याच फंडांमध्ये आहेत. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असेल, तर खासगी कंपनीकडे जायची मुभा आहे. श्रीमंतांना ही पळवाट का, यावरून तिथे अजूनही भांडणं होतात.