हाफकिन आणि अर्धा टक्का कार्बोलिक

परळची हाफकिन संस्था महाराष्ट्रात बहुतेकांना ऐकून माहीत असते. सर्पदंशावरचे औषध असो की पोलिओचे थेंब, हे नाव कुठे ना कुठे वाचलेले असते. पण ज्यांच्या नावाने ही संस्था आहे ते वाल्डेमार हाफकिन कोण, आणि एका रसायनाच्या अर्ध्या टक्क्यावरून त्यांच्या आयुष्याची घडी कशी विस्कटली, हे फारसे सांगितले जात नाही. प्रयोगशाळेत, दवाखान्यात किंवा लसीकरण सत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ही हकिकत समजून घेण्यासारखी आहे.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे दाखवून देणारे हेच ते शास्त्रज्ञ. पण झारच्या रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात पुढची वाट बंद होती. हाफकिन 1888 मध्ये जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तिथे जागा होती ती फक्त ग्रंथालयात. ते पुस्तके सांभाळत आणि उरलेल्या वेळात जंतूंवर काम करत. 1892 मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि 18 जुलै रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1893 मध्ये ते भारतात आले आणि बंगालसह अनेक भागांत गावोगाव फिरून त्यांनी हजारो लोकांना ही लस टोचली.

मुंबईतील तीन महिने

1896 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. हा रोग प्लेगच आहे हे ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये छोटीशी जागा आणि मोजकी माणसे मिळाली. शहरातून लोक पळून जात होते. हाताखालचे एक सहायक मनाने खचले, दोघे काम सोडून गेले.

मांसाच्या रसात तुपाचे थेंब टाकून त्याखाली प्लेगचे जंतू वाढवायचे, ही हाफकिन यांची युक्ती होती. तुपाच्या थेंबांखाली जंतूंचे झुंबर लोंबू लागे. बाटली हलवली की ते खाली पडे आणि पुन्हा नवे तयार होई. पुरेशी वाढ झाल्यावर सुमारे 65 ते 70 अंश सेल्सिअसला तासभर तापवून हे जंतू मारले जात आणि शेवटी त्यात अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लसही स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप आला, दंड दुखला, पण ते निभावले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि ती उपयोगी पडते हे दिसून आले. बरोबर दोन महिन्यांनी, 10 मार्च 1897 रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. लस तयार होती, पण ती सगळीकडे पोहोचायला वेळ लागणार होता.

मागणी वाढत गेली. आगाखानांनी आपली वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. पुढे 10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. आजची हाफकिन संस्था याच जागेत आहे.

हे कार्बोलिक म्हणजे काय?

कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल. दगडी कोळशाच्या डांबरातून ते 1834 मध्ये वेगळे काढले गेले. 1865 मध्ये ग्लासगोला जोसेफ लिस्टर यांनी मोडलेल्या पायाच्या उघड्या जखमेवर त्याच्या पट्ट्या बांधल्या आणि जखम न चिघळता भरून आली. शस्त्रक्रियेतील निर्जंतुकीकरणाची सुरुवात इथून झाली.

पण जे रसायन जंतूंना मारते ते आपल्या पेशींनाही सोडत नाही. त्या काळी शल्यचिकित्सकांचे आणि परिचारिकांचे हात कार्बोलिकने सोलवटून निघत. अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. हॉल्स्टेड यांच्या परिचारिकेचे हात कार्बोलिक आणि पाऱ्याच्या क्षाराने इतके खराब झाले, की त्यांनी तिच्यासाठी रबरी हातमोजे बनवून घेतले. आज आपण रुग्णाला संसर्ग होऊ नये म्हणून हातमोजे घालतो. शस्त्रक्रियागृहात ते आले मात्र रसायनापासून हात वाचवण्यासाठी.

लसीत कार्बोलिक घालण्याचे कारण साधे होते. एका कुपीतून अनेकांना लस द्यायची, म्हणजे तिचे तोंड उघडणार, सुई पुन्हा पुन्हा आत जाणार. त्या वेळी एखादा जंतू शिरलाच तर तो वाढू नये, यासाठी ही राखण. अर्ध्या टक्क्याच्या प्रमाणात ते माणसाला सोसवत असे.

मुलकोवाल

1902 मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले आणि लाखो मात्रांची मागणी आली. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून हाफकिन यांनी नवी पद्धत घेतली. तिच्यात लस उष्णतेने निर्जंतुक केली जाई आणि कार्बोलिक घातले जात नसे. 30 ऑक्टोबर 1902 रोजी मुलकोवाल गावात 107 जणांना लस टोचण्यात आली. आठवड्याभरात त्यांतील काहींचे जबडे आवळू लागले. धनुर्वाताने एकूण 19 जण दगावले. सगळ्यांना एकाच कुपीतून लस दिली होती. त्याच दिवशी इतर कुप्यांतून ज्यांना लस मिळाली, त्यांना काही झाले नाही.

जंतू कुपीत शिरले कुठे, हा खरा प्रश्न होता. चौकशी आयोगाने बोट परळकडे दाखवले आणि कार्बोलिक वगळल्याचा ठपका ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. 1904 मध्ये त्यांनी भारत सोडला. प्लेगच्या लसीवरचा लोकांचा विश्वासही डळमळला.

मात्र साक्षीत एक गोष्ट आली होती. कुपी उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात. परळला कुपी भरतानाच ते शिरले असते, तर इतक्या दिवसांत वाढून लसीला दुर्गंधी यायला हवी होती, असेही जाणकारांचे म्हणणे होते. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिद्ध करून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी 1907 मध्ये हे प्रकरण लावून धरले. नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी हाफकिन यांच्या बाजूने जाहीर पत्र लिहिले. अखेर सरकारने त्यांना पुन्हा कामावर घेतले.

पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. ते कलकत्त्याला रुजू झाले. निवृत्तीनंतर युरोपात परतले आणि 26 ऑक्टोबर 1930 रोजी लोझान येथे वारले. 1925 मध्ये प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, तोवर तिथून प्लेग लसीच्या 2 कोटी 60 लाखांहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या.

या प्रकरणात कार्बोलिकची बाजू नीट समजून घ्यायला हवी. फिनॉल जंतूंची वाढ रोखते, पण धनुर्वाताचे बीजाणू मारण्याची ताकद त्यात नाही. म्हणजे मातीत पडलेला चिमटा लसीतल्या कार्बोलिकने स्वच्छ झाला नसता, फार तर धोका थोडा कमी झाला असता. रसायन ही दुसरी राखण आहे. पहिली राखण माणसाचा हात.

आजही तीच शिस्त

बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसींत असे राखण करणारे रसायन नसते, कारण त्यात जिवंत जंतू किंवा विषाणू असतात. म्हणून पाणी मिसळून तयार केलेली कुपी 4 तासांत वापरायची, उरली तर टाकायची. टीडी, पेंटाव्हॅलेंट यांसारख्या लसींच्या उघडलेल्या कुप्या मात्र नियम पाळून 28 दिवसांपर्यंत वापरता येतात. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हा फरक कागदावरचा राहत नाही. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्यात सर्वांत आधी बुडालेल्या गावांपैकी एक. नर्मदाकाठच्या अशा पाड्यांवर लसीचा डबा बोटीने जातो. पाड्यावर बाळे दोन आणि कुपीत मात्रा दहा, अशी वेळ येते. उरलेल्या मात्रा उद्या पुढच्या पाड्यावर वापराव्यात असा मोह होणे साहजिक आहे. पण तो आवरायचा. इतक्या लांब नेलेली लस टाकताना जीव हळहळतो, तरी मुलकोवालच्या 19 माणसांपुढे आठ मात्रांची किंमत काहीच नाही. आणि पाड्यावर एक मूल दगावले, तर पुढची कित्येक वर्षे तिथे लसीसाठी कोणी दार उघडणार नाही.

फिनॉल आजही डीएनए वेगळा काढण्यासाठी संशोधन प्रयोगशाळांत वापरतात. शुद्ध फिनॉल थंडीत गोठते आणि सुमारे 41 अंशांना वितळते, म्हणून बाटली गरम पाण्यात ठेवून ते पातळ करतात. अपघात बहुधा अशा हाताळणीतच होतात. त्याची दगाबाजी अशी, की ते कातडी बधिर करते. त्यामुळे भाजल्याचे लगेच कळत नाही आणि जागा पांढरी पडेपर्यंत ते शरीरात शिरू लागलेले असते. हृदयाचे ठोके बिघडणे, झटके येणे, मूत्रपिंडांना इजा होणे हे सारे होऊ शकते. त्वचेच्या थोड्याशा भागावर सांडलेले तीव्र फिनॉलही जीवघेणे ठरले आहे.

हाताळताना या गोष्टी पाळाव्यात :

• काम फ्यूम हूडमध्ये करावे. डोळ्यांवर गॉगल, अंगात पूर्ण बाह्यांचा कोट आणि पायांत बंद बूट हवेत.

• वापरून फेकायचे पातळ हातमोजे फिनॉलला फार वेळ अडवत नाहीत. निओप्रीन किंवा ब्यूटिल रबराचे वापरावेत आणि थेंब पडताच बदलावेत.

• अंगावर सांडल्यास कपडे लगेच काढावेत आणि भरपूर वाहत्या पाण्याखाली किमान 15 ते 20 मिनिटे धुवावे. थोड्या पाण्याने पुसू नये, त्याने ते पसरते आणि अधिक शोषले जाते. पॉलिइथिलिन ग्लायकॉल हाताशी असेल तर पाण्याने धुतल्यावर त्याच्या बोळ्यांनी पुसावे. डोळ्यांत गेल्यास फक्त पाण्याने धूत राहावे.

• दुखत नाही म्हणून घरी थांबू नये. रुग्णालयात जाताना बाटलीचे लेबल सोबत न्यावे.

घरातले काळे फिनाईल याच कुळातले आहे. ते शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये आणि जखमेवर लावू नये. कोणी प्यायल्यास उलटी करवू नये, कारण वर येताना ते घसा पुन्हा भाजते आणि फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. रुग्णाला थेट दवाखान्यात आणावे.

(लेखक शासकीय रुग्णालयात कार्यरत आहेत.)