गार्सिया द ओर्ता : पदवीनंतरचे विद्यार्थित्व

औषधांचा व्यवसाय करणाऱ्याचे शिक्षण कोठे संपते, हा प्रश्न आपल्याकडे अलीकडे कायद्याच्या भाषेत विचारला जाऊ लागला आहे. १९४८ च्या फार्मसी अधिनियमाने औषधनिर्मात्याची नोंदणी आणि त्यासाठी लागणारी पात्रता यांची व्यवस्था लावली. २०१५ च्या नियमांनी त्याच्यापुढे एक पाऊल टाकून नोंदणीच्या नूतनीकरणाशी उजळणी वर्गांची सांगड घातली. एकदा मिळविलेली पदवी वा पदविका आयुष्यभर पुरत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. या तत्त्वाला आपल्याच भूमीवर सोळाव्या शतकात लाभलेले एक मोठे उदाहरण मात्र सहसा आठवले जात नाही. ते उदाहरण म्हणजे गोव्यात चौतीस वर्षे राहिलेला आणि गोव्यातच निधन पावलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता होय. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव सुप्रतिष्ठित आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या चरित्राकडे पाहावयाचे आहे ते एका शिकलेल्या माणसाने पुन्हा शिकावयास कसा आरंभ केला, या दृष्टीने.

ओर्ताचा जन्म इ. स. १५०१ च्या सुमारास पोर्तुगालच्या सरहद्दीवरील कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. त्याचे आईवडील स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालविले, तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालात आले. परंतु तेथेही १४९७ मध्ये सक्तीचे धर्मांतर त्यांच्या वाट्यास आले. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत आणि त्यांच्याकडे कायम संशयाने पाहिले जाई. या पार्श्वभूमीवर मुलाने सालामांका व अल्काला येथील विद्यापीठांत उच्च शिक्षण घ्यावे ही सामान्य गोष्ट नव्हती. १५२३ मध्ये तो मायदेशी परतला, १५२६ मध्ये त्याला वैद्यकीचा परवाना मिळाला आणि १५३० पासून तो लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन करू लागला. वयाच्या तिशीतच त्या काळच्या विद्वानाला जे मिळविता येण्याजोगे होते ते त्याने मिळविले होते.

त्या विद्येचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. डायोस्कोरिडीझ, गॅलेन, प्लिनी हे प्राचीन आणि इब्न सिनासारखे अरबी आचार्य यांचे ग्रंथ हेच औषधीविद्येचे अंतिम प्रमाण होते. दालचिनी, वेलदोडा, मिरी, कापूर यांच्यावर व्याख्याने देणाऱ्या प्राध्यापकाने ती झाडे पाहिलेली नसत. औषधे युरोपात पोहोचत ती वाळलेली, कुटलेली आणि पुष्कळदा भेसळ झालेली. आणि त्यांची नावे पोहोचत ती तीनचार भाषांतून घरंगळत. औषधविक्रेत्याच्या बरणीवरील नाव आणि बरणीतील द्रव्य यांचा मेळ असेलच अशी खात्री कोणालाही देता येत नव्हती.

मार्च १५३४ मध्ये मार्तिं आफोन्सु द सोझा या सेनानीबरोबर त्याचा वैद्य म्हणून ओर्ता भारताकडे निघाला आणि सप्टेंबरात गोव्यास उतरला. देशत्यागामागे जिज्ञासा किती आणि भय किती हे ठरविणे कठीण आहे. पोर्तुगालात धर्मन्यायपीठ येऊ घातले होते आणि दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, ते आलेही. पहिली काही वर्षे त्याने सोझाच्या आरमाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर काढली. सोझा परत गेला, ओर्ता मात्र गोव्यातच राहिला. वैद्यकीबरोबर त्याने औषधीद्रव्ये व रत्ने यांचा व्यापारही केला. एखाद्या आचार्याच्या मताबद्दल तटस्थ राहता येते. पैसे मोजून घेतलेल्या मालाबद्दल तसे राहता येत नाही. हा माल खरा कोणता, तो कोठून येतो, त्याला कशाने कीड लागते, हे व्यापाऱ्याला जाणून घ्यावेच लागते. ओर्ताच्या दुसऱ्या शिक्षणाचा पाया असा बाजारात घातला गेला.

या शिक्षणातील त्याचे गुरू अनेक होते. त्यांतील सर्वांत मोठ्या मानाचा गुरू म्हणजे अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह. ओर्ता त्याच्या दरबारी उपचारांसाठी जात असे आणि दोघांत स्नेह जडला होता. या स्नेहातील एक गोष्ट ओर्ताने नमूद करून ठेविली आहे. सुलतानाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकविली आणि त्याने सुलतानाला तीच नावे लॅटिनमध्ये शिकविली. दख्खनच्या दरबारात हकीमांचा राबता होता. तेथे इब्न सिनाचा ग्रंथ मूळ अरबीत वाचला जाई. लॅटिन भाषांतरावर पोसलेल्या ओर्ताला मूळ संज्ञा आणि तिचे भाषांतर यांतील अंतर येथे प्रथमच प्रत्यक्ष दिसले.

दुसरे गुरू म्हणजे कोकणातील आणि मलबारातील हिंदू वैद्य. त्यांतील मालुपा नावाचा एक कोकणी वैद्य ओर्ताच्या ग्रंथात पात्र म्हणून अवतरतो. या वैद्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही असा ओर्ताचा अभिप्राय होता आणि त्यात विद्यापीठीय अहंकाराची छटा नाही असे म्हणता येणार नाही. तथापि अतिसारासारख्या विकारात तो प्रथम आपल्या पद्धतीने उपचार करी, आणि गुण येत नाही असे दिसताच या वैद्यांच्या औषधांकडे वळे. हे तो लपवीतही नाही. गुण कशाने आला हे पाहून मत बदलणे हा त्याचा नियम झाला होता. बागवान, खलाशी, दूरदेशीचे व्यापारी, इतकेच नव्हे तर घरातील दासीही त्याला माहिती पुरवीत. गोव्यात त्याने औषधी झाडांची बाग केली होती. पुढे १५५४-५५ च्या सुमारास मुंबईचे बेट अल्पशा वार्षिक खंडाने त्याच्याकडे आले. तेथील आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, हे त्याने कौतुकाने नोंदविले आहे.

तीस वर्षांच्या या विद्यार्थित्वाचे फळ म्हणजे १५६३ च्या एप्रिलमध्ये गोव्यात छापून निघालेला ग्रंथ. भारतातील साध्या औषधींविषयीचे संवाद असे त्याचे स्वरूप आहे. गोव्यास छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती, आणि ग्रंथात मुद्रणदोष पुष्कळ आहेत. वाङ्मयाच्या इतिहासातही त्याला स्थान आहे, कारण पोर्तुगालचा महाकवी कामोंइश याची कविता प्रथम छापली गेली ती याच ग्रंथाच्या आरंभी. ओर्ताला हा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिता आला असता. तरीही त्याने पोर्तुगीज निवडली, ती अधिक लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून. गोव्यात औषधे कुटणाऱ्या, बांधणाऱ्या आणि विकणाऱ्या माणसाला लॅटिन येत असेलच असे नव्हते. ज्ञान ज्याच्या हातून रुग्णापर्यंत जावयाचे त्याच्या भाषेत ते असले पाहिजे, ही जाणीव या निवडीमागे दिसते.

ग्रंथाचा घाटही विचारपूर्वक निवडलेला आहे. रुआनो नावाचा एक विद्वान वैद्य स्पेनहून नुकताच गोव्यास आला आहे. तो ओर्ताचा विद्यार्थिदशेतील परिचित. सर्व आचार्यांची वचने त्याला मुखोद्गत आहेत. तो एकेका औषधीविषयी प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. मध्येच दासी एखादे फळ वा मूळ आणून समोर ठेवते, एखादा व्यापारी येतो, एखाद्या रुग्णाचा निरोप येतो. रुआनो हे पात्र काल्पनिक असून तीस वर्षांपूर्वीचा ओर्ताच त्याच्या रूपाने बोलतो, असे अभ्यासकांनी म्हटले आहे आणि ते पटण्यासारखे आहे. पदवीधर ओर्ता आणि अनुभवी ओर्ता यांचा हा संवाद आहे. व्यवसायात असलेल्या माणसाला व्यवसायात असलेल्या दुसऱ्या माणसाने नव्याने शिकविणे, हाच त्याचा विषय.

हे नव्याने शिकणे किती निकडीचे होते ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अरबी वैद्यक ग्रंथांत तबाशीर नावाचे एक द्रव्य येते. ते म्हणजे बांबूच्या पेरात साठणारे वंशलोचन. सितोपलादी चूर्णातील घटक म्हणून आपल्या परिचयाचे. अरबीचे लॅटिन करणाऱ्यांनी तबाशीरसाठी स्पोडियम हा शब्द योजिला. परंतु प्राचीनांच्या ग्रंथांत त्या शब्दाचा अर्थ धातूच्या भट्टीत साठणारी राख असा होता. पुढे युरोपातील दुकानांतून स्पोडियम म्हणून जाळलेले हस्तिदंतही दिले जाऊ लागले. म्हणजे हकीमाने लिहिले वंशलोचन, भाषांतरकाराने केली धातूची राख आणि रुग्णाच्या पोटात गेला जळका हस्तिदंत. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाने आपल्याला शिकविले तेच प्रामाणिकपणे केले आणि म्हणूनच ही चूक शतकानुशतके टिकली. जेथे बांबू वाढतो, जेथे तबाशीर विकले जाते आणि जेथे अरबी वाचली जाते, त्या ठिकाणी राहिलेल्या ओर्ताने तिचा उलगडा केला. भाषांतराच्या अभ्यासकाला शब्दाची चूक ही वाङ्मयीन चूक वाटते. औषधाच्या व्यवहारात ती प्राणाशी गाठ असते.

मराठी वाचकाला या ग्रंथाचे आणखी एक आकर्षण आहे. त्यात आपल्या परिसरातील अनेक नावे पोर्तुगीज उच्चारांच्या वेषात भेटतात. निर्गुडी आणि निंब यांच्यावर विवेचन आहे. पटकीचे वर्णन तर विशेष महत्त्वाचे आहे. युरोपीय वैद्याने भारतातील या रोगाचे केलेले ते अगदी आरंभीचे वर्णन मानले जाते. त्या रोगाला येथील लोक जे नाव देतात म्हणून ओर्ता सांगतो, ते आपले मोडशी होय. त्याच शब्दाचे पुढे पोर्तुगीजांत मोर्देशिं झाले. रोग एका दिवसात माणूस कसा नेतो, नाडी कशी हरपते, हे त्याने बारकाईने टिपले आहे. आणि येथील लोक रुग्णाला मिरी व जिरे घालून तांदळाची पेज पाजतात हेही नोंदविले आहे.

ओर्ताचे सर्वच निर्णय बरोबर होते असे नाही. प्राण्यांच्या पोटात सापडणाऱ्या बेझोअर खड्याच्या विषहारक गुणांवर त्याचा विश्वास होता. पुढील काळाने तो मान्य केला नाही. ज्याने इतरांच्या चुका दुरुस्त केल्या त्याच्याही चुका दुरुस्त व्हावयाच्या होत्या, आणि त्या कामाला विलंब लागला नाही. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रंथाचा लॅटिन संक्षेप टिपांसह १५६७ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध केला. १५७८ मध्ये क्रिस्तोबाल अकोस्ता याने ओर्ताच्या आधारे, चित्रे जोडून, स्पॅनिश ग्रंथ काढला. गोव्यात घडलेला धडा चार वर्षांत युरोपच्या विद्वानांपुढे गेला. ज्यांच्या तोंडून नावे आणि गुण टिपले गेले त्या कोकणी-मराठी वैद्यांच्या भाषेत मात्र तो त्या शतकात आला नाही. त्यांतील बहुतेकांची नावेही उरली नाहीत. या ग्रंथाचा गौरव करताना हे ऋण विसरता कामा नये.

ओर्ताच्या आयुष्याचा शेवट करुण आहे. त्याच्या दोन बहिणी १५४७ मध्ये लिस्बनला धर्मन्यायपीठाच्या कैदेत पडल्या होत्या. सुटका झाल्यावर १५४९ मध्ये त्या आईसह गोव्यास आल्या. परंतु १५६० मध्ये ते न्यायपीठ गोव्यातही स्थापन झाले. म्हणजे गॅलेनचे कोठे चुकले हे ओर्ता निर्भयपणे छापीत होता, तेव्हा त्याच्या घरातील श्रद्धेविषयी एक शब्दही बाहेर फुटणे प्राणघातक झाले होते. १५६८ मध्ये त्याचे निधन झाले. पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ताला मरणोत्तर दोषी ठरवून त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. ही हकीकत कागदपत्रांच्या आधारे पूर्णपणे उजेडात आली ती विसाव्या शतकात. ज्या नगरीला त्याने औषधीविद्येच्या नकाशावर स्थान मिळवून दिले तिने त्याची कबरही ठेविली नाही. पुढे पणजीतील उद्यानाला त्याचे नाव देण्यात आले, आणि १८४२ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या वैद्यकीय विद्यालयात औषधनिर्मितीचे शिक्षणही दिले जाऊ लागले.

आज परिस्थिती पालटली आहे. औषधाचे घटक कायद्याने ठरतात आणि वेष्टनावर छापले जातात. औषधांच्या अनिष्ट परिणामांच्या नोंदी देशभरातून गोळा होतात. त्या कामाचे राष्ट्रीय केंद्र नोएडाशेजारी गाझियाबादला, भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, आणि दुकानातील औषधनिर्मात्यालाही अशी नोंद कळविता येते. तरी ओर्ताच्या काळची अडचण पुरती संपलेली नाही. नोएडासारख्या, सर्व प्रांतांची माणसे एकत्र आलेल्या नगरात हिरडा मागणारा आणि हरड मागणारा एकाच फळीशी उभा असतो. सारखी भासणारी नावे भिन्न औषधांची असतात आणि एकाच औषधाची नावे अनेक असतात. फळीमागे उभ्या असलेल्या औषधनिर्मात्याला आणि त्याच्या हाताखालच्या कंपाउंडरला हे रोज नव्याने शिकावे लागते.

उजळणी वर्गाचे प्रमाणपत्र हे त्या शिक्षणाचे निमित्त आहे. ते मिळाले म्हणजे शिक्षण झाले असे समजणे हा रुआनोचा मार्ग झाला. ओर्ताचा मार्ग कष्टाचा आहे. आपल्या उपचाराने गुण आला नाही हे मान्य करणे, ज्याच्याजवळ पदवी नाही त्यालाही विचारणे, बरणीवरचे नाव आणि बरणीतील वस्तू पुन्हा ताडून पाहणे, आणि जे कळले ते सहव्यवसायी बांधवाला समजेल अशा भाषेत सांगणे, एवढ्या गोष्टी त्यात येतात. लिस्बनच्या प्राध्यापकाला त्या करावयास तीस वर्षे लागली. त्या केल्या म्हणूनच तो प्राध्यापक विस्मृतीत गेला आणि गोव्याचा विद्यार्थी तेवढा उरला.