कॉन्स्टान्टिन रोकोसोव्स्की
कॉन्स्टान्टिन कॉन्स्टान्टिनोविच रोकोसोव्स्की (२१ डिसेंबर, इ.स. १८९६ - ३ ऑगस्ट, इ.स. १९६८) हे सोव्हिएत संघाचे व पोलंडचे मार्शल होते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आघाडीवरील स्टालिनग्राड, कुर्स्क आणि बेलारूस येथील विजयांत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता.

सुरुवातीचे जीवन
रोकोसोव्स्की यांचे वडील पोलिश असून रेल्वेत नोकरीस होते. त्यांच्या जन्मस्थळाबाबत एकवाक्यता नाही. वॉर्सा आणि वेलिकिये लुकी अशी दोन नावे सांगितली जातात. लहान वयातच आईवडिलांचे छत्र हरपल्याने त्यांनी वॉर्सात मजुरी व दगडकाम केले. इ.स. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच ते रशियन घोडदळात दाखल झाले. क्रांतीनंतर त्यांनी लाल सैन्यात प्रवेश केला आणि यादवी युद्धात घोडदळाच्या तुकड्यांचे नेतृत्व केले.

अटक व सुटका
स्टालिनच्या काळातील लष्करी शुद्धीकरणात ऑगस्ट, इ.स. १९३७ मध्ये त्यांना अटक झाली. पोलंड व जपानसाठी हेरगिरी केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. तुरुंगात छळ होऊनही त्यांनी आरोप मान्य केले नाहीत. मार्च, इ.स. १९४० मध्ये त्यांची सुटका झाली व पुन्हा सैन्यात नेमणूक मिळाली.

दुसरे महायुद्ध
इ.स. १९४१ च्या हिवाळ्यात रोकोसोव्स्की यांच्या १६ व्या सेनेने वोलोकोलाम्स्कच्या दिशेने मॉस्कोवर चालून येणाऱ्या जर्मन फौजांना रोखले. पुढील मार्चमध्ये ते तोफगोळ्याच्या तुकड्याने गंभीर जखमी झाले. बरे झाल्यावर त्यांच्याकडे दोन आघाडीचे नेतृत्व आले. या आघाडीने स्टालिनग्राड येथे वेढलेल्या जर्मन सहाव्या सेनेचा पाडाव केला. २ फेब्रुवारी, इ.स. १९४३ रोजी तेथील लढाई संपली. त्याच वर्षी कुर्स्कच्या उत्तर बाजूस त्यांच्या मध्य आघाडीने जर्मन हल्ला परतवला.

इ.स. १९४४ च्या बाग्रातिओन मोहिमेसाठी त्यांनी बोब्रुइस्कवर दोन बाजूंनी समान ताकदीचे हल्ले करण्याची योजना मांडली. त्यांच्या आठवणींनुसार स्टालिनचा एकाच मुख्य हल्ल्याचा आग्रह होता. तरीही ते आपल्या मतावर ठाम राहिले. ही योजना यशस्वी ठरली आणि २९ जून रोजी त्यांना मार्शल हा हुद्दा मिळाला.

ऑगस्टमध्ये वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा त्यांच्या फौजा शहराच्या पूर्वेस पोहोचल्या होत्या. त्यांची बहीण त्या वेळी शहरातच होती. सोव्हिएत सैन्याने विस्तुला नदी ओलांडून उठावास पुरेशी मदत का केली नाही, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. नोव्हेंबरमध्ये रोकोसोव्स्की यांची दुसऱ्या बेलारूशियन आघाडीवर बदली झाली. बर्लिनच्या दिशेने जाणाऱ्या आघाडीचे नेतृत्व झुकोव यांच्याकडे गेले. २४ जून, इ.स. १९४५ रोजी मॉस्कोतील विजय संचलनाचे नेतृत्व रोकोसोव्स्की यांनी केले व झुकोव यांनी मानवंदना स्वीकारली.

पोलंडमधील कार्यकाळ व अखेर
इ.स. १९४९ मध्ये स्टालिनने त्यांना पोलंडचे संरक्षणमंत्री म्हणून पाठवले. अनेक पोलिश नागरिकांच्या दृष्टीने ते सोव्हिएत वर्चस्वाचे प्रतीक ठरले, तर सोव्हिएत राजवटीने पूर्वी त्यांच्यावर पोलंडचे हेर असल्याचा ठपका ठेवला होता. इ.स. १९५६ मध्ये गोमुल्का सत्तेवर आल्यानंतर ते मॉस्कोला परतले आणि उपसंरक्षणमंत्री झाले. दोन वेळा सोव्हिएत संघाचे वीर हा किताब मिळवणाऱ्या रोकोसोव्स्की यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या आहेत.