बीथोव्हेनचा चुकलेला सल्ला

'मशीन इतक्यात लावू नका, कानाला सवय लागेल' हे वाक्य आमच्या बाह्यरुग्ण विभागात वरचेवर कानावर पडते. सांगणारा बहुधा शेजारी असतो आणि त्याला स्वतःलाही कमी ऐकू येत असते. लुडविग व्हॅन बीथोव्हेन असाच एक सल्लागार होता.

बॉनमध्ये १७७० साली जन्मलेला हा संगीतकार १७९२ मध्ये व्हिएन्नाला गेला. पियानोवादक म्हणून नाव झाले आणि तिशीच्या आतच कानात घूं-घूं सुरू झाली. १८०१ मध्ये एका डॉक्टर मित्राला त्याने लक्षणे कळवली. वाद्यांचे उंच स्वर निसटतात, हळू बोलले तर आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, आणि कोणी ओरडले तर सहन होत नाही. आतल्या कानाचे रुग्ण आजही जवळपास हेच सांगतात. घरचे मात्र ओरडूनच बोलतात! उपचार म्हणाल तर कानात बदामाचे तेल आणि डॅन्यूबच्या पाण्याने स्नान. पुढच्याच वर्षी भावांना लिहून ठेवलेल्या पत्रात त्याने कबूल केले, की बहिरेपण सांगायची लाज वाटते म्हणून आपण माणसे टाळतो.

पुढे मेल्झेल या यंत्रकाराने त्याला पत्र्याचे कर्णे करून दिले. काही आता बॉनच्या संग्रहालयात आहेत. पण कर्णा आवाज थोडासाच वाढवतो, तुटलेला शब्द जोडत नाही. १८१८ पासून भेटायला येणारे वहीत लिहू लागले आणि तो बहुतेक वेळा तोंडी उत्तर देई. अशा सुमारे १३९ वह्या उरल्या आहेत. त्याचा मदतनीस शिंडलर याने त्याच्या मृत्यूनंतर त्यांत खोटे संवाद घुसडले, हे वेगळेच दुखणे.

१८२३ च्या एका वहीत बीथोव्हेनचेही अक्षर दिसते, कारण समोरचा गृहस्थही बहिरा होता. बीथोव्हेनने त्याला आपुलकीने बजावले, की यंत्रे लवकर वापरू नका, ती टाळल्यामुळेच माझा डावा कान बराच टिकला. हे चूक होते. यंत्र टाळल्याने कान वाचत नाही. उलट आवाजच न मिळाल्याने मेंदूची शब्द ओळखण्याची सवय मोडते आणि उशिरा लावलेले यंत्र नकोसे होते.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनाच प्रशिक्षण देऊन नव्या रुग्णांच्या मदतीला बसवावे, या मताचा मी आहे. कानातला साचा कसा पुसायचा, बॅटरी कशी बदलायची, सुरुवातीला शांत खोलीत थोडा वेळ यंत्र कसे लावायचे, हे ते आमच्यापेक्षा निवांत शिकवतात. पण 'माझ्या बाबतीत असे झाले' हे धीर द्यायला ठीक, उपचार सांगायला नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवायला हवे. पू, वेदना किंवा अचानक गेलेले ऐकणे दिसले तर त्याच दिवशी रुग्णाला डॉक्टरकडे पाठवायचे, हेही.

७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला. बीथोव्हेन श्रोत्यांकडे पाठ करून उभा होता, टाळ्यांचा त्याला पत्ताच नव्हता. तेव्हा कॅरोलिन उंगर ही तरुण गायिका पुढे झाली आणि तिने त्याला हलकेच श्रोत्यांकडे वळवले.